प्रकल्प साहाय्यकाचं पहिलं वर्ष: लेबल, वही, पिपेट आणि पेशी

प्रश्न असा आहे: सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. झालं आहे, पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत प्रकल्प साहाय्यक म्हणून निवड झाली आहे. कॉलेजातली प्रात्यक्षिकं गटाने झाली, त्यामुळे स्वतःच्या हाताने केलेलं काम थोडंच आहे. रुजू झाल्यावर नेमकी अपेक्षा काय असते, आधी काय शिकून घ्यावं आणि कुठे चुकतं?

प्रकल्पाची मुदत बहुधा तीन वर्षांची असते आणि साहाय्यक मध्येच बदलतात. कुणाला पीएच.डी.ला प्रवेश मिळतो, कुणी कंपनीत जातं. मागे उरतात फ्रीझरमधले डबे आणि एक वही. त्या दोन गोष्टींवरून पुढच्या माणसाला तुमचा प्रयोग जसाच्या तसा करता आला, तर तुम्ही काम केलं असं धरतात. तंत्रं पाच शिकलात की पंधरा, हा प्रश्न त्यानंतरचा. म्हणून पीसीआर (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती काढणं) किंवा वेस्टर्न ब्लॉटच्या (नमुन्यातलं ठरावीक प्रथिन ओळखणं) आधी लेबल आणि वही.

ट्यूबवर ‘अ-१’, ‘अ-२’ किंवा ‘कंट्रोल’ एवढंच लिहिलं, तर सहा महिन्यांनी तुम्हालाही ती ओळखता येणार नाही. आत काय आहे, किती तीव्रतेचं आहे, तारीख, तुमची आद्याक्षरं आणि वहीचा पान क्रमांक, इतकं हवंच. जागा कमी असेल तर पान क्रमांक आणि नमुना क्रमांक लिहा, बाकीचं वहीत. झाकणावर लिहा आणि ट्यूबच्या अंगावरही लिहा, कारण बर्फात आठ ट्यूब एकदम उघडल्या की झाकणं अदलाबदल होतात. साधा मार्कर ७० टक्के अल्कोहोल लागताच पुसला जातो, साधी चिकटपट्टी उणे ८० अंशांवर सुटून डब्याच्या तळाशी पडते. क्रायो लेबल (अतिथंडीत टिकणारं) आणि अल्कोहोलने न पुसला जाणारा मार्कर पहिल्याच दिवशी मागून घ्या. नेहमीच्या क्रायो डब्यात नऊ बाय नऊ म्हणजे ८१ खाने असतात. प्रत्येक डब्याचा नकाशा संगणकावर ठेवा आणि त्याची छापील प्रत फ्रीझरच्या दारावर लावा. दार उघडं ठेवून ट्यूब शोधण्यात जितका वेळ जातो, तितकं आतलं सगळं तापतं, आणि त्यात इतरांचे नमुनेही असतात.

वही बाकावर, हातमोजे घालून, त्याच वेळी लिहायची. संध्याकाळी आठवून लिहिलेल्या वहीत नेमके आकडे नसतात, ठरलेले आकडे असतात. पद्धतीत ३० मिनिटं लिहिली आहेत पण सेंट्रिफ्यूज रिकामा नव्हता म्हणून ५० मिनिटं गेली, तर ५० लिहा. रसायनाचा, सीरमचा (पेशींच्या वाढीसाठी घालतात तो रक्तातला द्रव), अँटिबॉडीचा लॉट नंबर, म्हणजे उत्पादनाच्या खेपेचा क्रमांक, लिहा. सीरमचा लॉट बदलला की पेशींची वाढ बदलते, अँटिबॉडीचा बदलला की पार्श्वभूमी (नको तिथे दिसणाऱ्या खुणा) बदलते, आणि लॉट नंबर नोंदलेला नसेल तर महिनाभर चूक स्वतःच्या हातात शोधत बसावं लागतं. पेन्सिल नाही, पान फाडणं नाही. चुकलं तर एक रेघ मारून शेजारी तारीख आणि सही. संगणकावरच्या फाइलचं नाव वर्ष, महिना, दिवस या क्रमाने सुरू करा, म्हणजे यादी आपोआप कालक्रमाने लागते. जेलचा (डीएनए किंवा प्रथिनं आकारानुसार वेगळी करणारा थर) फोटो कापायचा असेल तर प्रत कापा, मूळ फाइल तशीच ठेवा. बरीच नियतकालिकं आता न कापलेली मूळ चित्रं मागतात.

आता पिपेट. बहुतेक नवे लोक हा भाग उरकून टाकतात आणि पुढे सगळ्या त्रुटी इथूनच निघतात. पहिल्या आठवड्यात एक काम करा. चार दशांश दाखवणारा तराजू घ्या, त्यावर छोटी वाटी ठेवा आणि १०० मायक्रोलिटर शुद्ध पाणी दहा वेळा सोडून प्रत्येक वेळचं वजन लिहा. २५ अंशांना एक मिलिलिटर पाण्याचं वजन ०.९९७ ग्रॅम असतं, म्हणजे दर वेळी साधारण ०.०९९७ ग्रॅम यायला हवं. दहाही आकडे एकमेकांच्या जवळ पण सगळेच कमी असतील, तर पिपेटचं कॅलिब्रेशन गेलं आहे किंवा सील गळतंय. आकडे वरखाली होत असतील तर दोष बहुधा हाताचा असतो. हात सुधारण्याची पथ्यं थोडी आहेत. टिप द्रवात दोन-तीन मिलिमीटरच बुडवा, पिपेट उभा धरा, अंगठा सावकाश सोडा, द्रव आत गेल्यावर क्षणभर थांबा. नवी टिप एकदा त्याच द्रवाने भरून रिकामी करा आणि मग मोजा. २० मायक्रोलिटरच्या पिपेटने एक मायक्रोलिटर मोजू नका. त्याची विश्वासार्ह मर्यादा दोनपासून सुरू होते. एन्झाइम ५० टक्के ग्लिसरॉलमध्ये असतं आणि टिपच्या बाहेरूनही चिकटतं, म्हणून टिप पृष्ठभागाला जेमतेम लावायची. द्रव भरलेला पिपेट आडवा ठेवला तर द्रव आत शिरतो आणि पुढे प्रत्येकाचे प्रयोग दूषित होतात.

पीसीआरचं गणित २५ मायक्रोलिटरच्या एका ट्यूबसाठी असं बसतं: दहापट बफर २.५ (मॅग्नेशियम त्यातच असेल तर), प्रत्येकी १० मिलिमोलर डीएनटीपी (डीएनएचे सुटे घटक) ०.५, दोन्ही प्रायमर (प्रत कुठून सुरू करायची ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे) १० मायक्रोमोलरचे प्रत्येकी ०.५, टॅक पॉलिमरेज (प्रती काढणारं एन्झाइम) ०.१२५, डीएनएचा नमुना १ आणि उरलेलं १९.८७५ पाणी, सगळे आकडे मायक्रोलिटरमध्ये. ०.१२५ मायक्रोलिटर कुणालाच नीट मोजता येत नाही, म्हणून मास्टर मिक्स, म्हणजे सगळ्या ट्यूबांचं एकत्र मिश्रण, करायचं. दहा नमुने, एक बिनडीएनएचा कंट्रोल आणि एक खात्रीचा नमुना (ज्यात निकाल यायलाच हवा), असे बारा झाले तर तेरांचं मिश्रण बनवा, म्हणजे शेवटी कमी पडत नाही: बफर ३२.५, डीएनटीपी ६.५, दोन्ही प्रायमर प्रत्येकी ६.५, टॅक १.६२५, पाणी २५८.३७५. बेरीज ३१२ येते. प्रत्येक ट्यूबमध्ये २४ टाकून वर १ मायक्रोलिटर नमुना. एन्झाइम शेवटी टाका. ग्लिसरॉलमुळे ते तळाशी बसतं, म्हणून पिपेटने हळूच वरखाली करून मिसळा आणि ट्यूब क्षणभर फिरवून थेंब खाली आणा.

बिनडीएनएच्या ट्यूबमध्ये बँड (जेलवर दिसणारी डीएनएची पट्टी) दिसला, तर त्या दिवशीचे सगळे निकाल बाजूला ठेवायचे, ‘बाकीचे बँड जास्त जाड आहेत’ असं म्हणून पुढे जायचं नाही. आधी पाणी बदला, मग प्रायमरचा अलिक्वॉट (स्टॉकमधून काढून ठेवलेला छोटा भाग), मग बफर, एका वेळी एकच. अलिक्वॉट करून ठेवण्याचा उपयोग इथे कळतो: दूषित झालेला ५० मायक्रोलिटरचा भाग फेकता येतो, आख्खा स्टॉक फेकावा लागत नाही. शक्य असेल तर मिश्रण करण्याची जागा आणि पीसीआर झालेल्या ट्यूब उघडण्याची जागा वेगळ्या खोल्यांत ठेवा, पिपेटही वेगळे. एका ट्यूबमध्ये डीएनएच्या अब्जावधी प्रती तयार झालेल्या असतात आणि झाकण उघडताना उडालेला अदृश्य तुषार पुढच्या प्रयोगाचा नमुना बनायला पुरतो. बँड कुठेच नसेल, अगदी खात्रीच्या नमुन्यातही, तर काहीतरी टाकायचं राहिलं आहे. खात्रीच्या नमुन्यात आहे पण तुमच्या नमुन्यांत नाही, तर डीएनएची शुद्धता बघा. २६० आणि २८० नॅनोमीटरच्या शोषणाचं गुणोत्तर १.८ च्या आसपास असतं; २६० आणि २३० चं दोनपेक्षा बरंच खाली असेल तर फिनॉल किंवा किटमधलं ग्वानिडिन सोबत आलं आहे. नमुना दहापट पातळ करून पुन्हा लावा. अडथळा आणणारी द्रव्यंही पातळ होतात आणि बँड दिसू लागतो.

बफर बनवणं कुणी शिकवत नाही, सगळे येतंच असं धरून चालतात. एक मोलर ट्रिस (नेहमी लागणारं बफरचं रसायन), पीएच ८.०, ५०० मिलिलिटर हवं असेल तर ६०.५७ ग्रॅम ट्रिस बेस ४०० मिलिलिटर पाण्यात विरघळवा आणि तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल फ्यूम हूडमध्ये (वायू बाहेर ओढणाऱ्या कपाटात) थोडं थोडं टाका. साधारण २१ मिलिलिटर लागतं. द्रावण तापतं आणि फसगत इथेच होते. ट्रिसचा पीएच तापमान वाढलं की दर अंशाला सुमारे ०.०३ ने उतरतो. गरम असताना ८.० दिसलं म्हणून ५०० चं माप पूर्ण केलं, तर थंड झाल्यावर पीएच वर सरकलेला असतो. खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग शेवटचे थेंब, मग माप. याच कारणाने २५ अंशांना ८.० असलेलं ट्रिस कोल्ड रूममध्ये ८.६ च्या जवळ असतं. प्रथिनांचं काम चार अंशांना करणार असाल तर त्या तापमानाचा हिशोब आधीच धरा. ०.५ मोलर ईडीटीए (धातूंचे आयन बांधून ठेवणारं रसायन) विरघळत नाही म्हणून तासन्‌तास ढवळणारे पुष्कळ. डायसोडियम ईडीटीए पीएच ८ च्या जवळ गेल्याशिवाय विरघळतच नाही. एका लिटरला १८६.१ ग्रॅम पावडर घेतली तर सोडियम हायड्रॉक्साइडचे साधारण २० ग्रॅम दाणे लागतील. ढवळत ढवळत टाका, गढूळपणा एकदम जातो.

पेशींचं काम मिळालं, तर वेळापत्रक तुमचं राहत नाही, पेशींचं होतं. शुक्रवारी विरळ पेरलेल्या पेशी सोमवारपर्यंत थांबतात, दाट पेरलेल्या रविवारी मरतात. हा हिशोब गुरुवारीच करून ठेवा. नेहमीची घडी अशी: डीएमईएम मीडिया (पेशींचं द्रव खाद्य), १० टक्के सीरम, ३७ अंश, पाच टक्के कार्बन डायऑक्साइड. फ्लास्कच्या तळाला चिकटलेल्या पेशी ट्रिप्सिन या एन्झाइमने सोडवण्याआधी कॅल्शियम-मॅग्नेशियम नसलेल्या पीबीएसने (फॉस्फेटचं खारं बफर) धुवायच्या, कारण सीरममध्ये ट्रिप्सिनला अडवणारी द्रव्यं असतात आणि ती उरली तर ट्रिप्सिन चालत नाही. ०.२५ टक्के ट्रिप्सिन-ईडीटीए दोन ते पाच मिनिटं, दर मिनिटाला सूक्ष्मदर्शकाखाली बघत. पेशी गोल होऊन फ्लास्क हलवल्यावर सरकू लागल्या की सीरम असलेला मीडिया टाकून थांबवा. जास्त वेळ ठेवलं तर पेशींच्या पृष्ठभागावरची प्रथिनं कापली जातात, आणि तुम्ही नेमकं त्याच प्रथिनाचं फ्लो सायटोमेट्रीत (एकेक पेशी तपासणाऱ्या यंत्रावर) मोजमाप करणार असाल तर आकडा खोटा येतो.

मोजणी: ट्रिपॅन ब्लू (मेलेल्या पेशींत शिरणारा निळा रंग) आणि पेशी समप्रमाणात मिसळल्या, म्हणजे दोनपट पातळ. हिमोसायटोमीटरच्या (पेशी मोजायची आखलेली काच) चार कोपऱ्यांच्या मोठ्या चौकोनांत ४८, ५२, ५० आणि ४६ जिवंत पेशी दिसल्या तर सरासरी ४९. गुणिले दोन, गुणिले १०,०००, म्हणजे मिलिलिटरला ९ लाख ८० हजार. निळ्या झालेल्या मेलेल्या आहेत, त्या वेगळ्या मोजा. गोठवताना १० टक्के डीएमएसओ (पेशींना बर्फापासून वाचवणारं द्रावक) आणि दर मिनिटाला एक अंश अशी सावकाश उतरण. आयसोप्रोपॅनॉलचा डबा उणे ८० मध्ये रात्रभर ठेवला की ती मिळते, आणि दुसऱ्या दिवशी द्रव नायट्रोजनमध्ये हलवायचं. वितळवणं मात्र झटपट, ३७ अंशांच्या पाण्यात बर्फाचा शेवटचा खडा उरेपर्यंत. नायट्रोजनमधून कुपी काढताना चेहऱ्यावर ढाल हवीच. कुपीत द्रव शिरलेला असेल तर ती बाहेर येताच फुटते. बंद खोलीत नायट्रोजन ओतू नका. त्याचा वायू ऑक्सिजन हटवतो आणि गुदमरतोय हे कळायच्या आत माणूस कोसळतो.

बुरशी आणि जिवाणू दिसतात: मीडिया पिवळा, गढूळ. मायकोप्लाझ्मा हा अतिसूक्ष्म जिवाणू दिसत नाही, त्याची भीती जास्त बाळगा. त्याला पेशीभित्तिका नसते म्हणून पेनिसिलिनचा उपयोग नाही, आणि तो ०.२२ मायक्रोमीटरच्या फिल्टरमधूनही जाऊ शकतो. पेशी जगतात, पण वाढ मंदावते, जनुकांची अभिव्यक्ती बदलते, आणि वर्षभराची माहिती निरुपयोगी ठरते. दर महिन्याला पीसीआरने तपासा. दुसऱ्या प्रयोगशाळेतून मैत्रीखात्यात आणलेला फ्लास्क तपासणी होईपर्यंत वेगळ्या इनक्युबेटरमध्ये. पुण्यात तर अशा उसनवारीची गरजच कमी, कारण विद्यापीठाच्या आवारात एनसीसीएस या पेशीविज्ञानाच्या राष्ट्रीय केंद्रात पेशींचा राष्ट्रीय साठा आहे. जिवाणू-बुरशींसाठी पाषाण रस्त्यावर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत एनसीआयएम हा औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. तिथून घेतलेल्या नमुन्याला क्रमांक असतो, आणि शोधनिबंधात तोच लिहिता येतो.

सेंट्रिफ्यूजमध्ये समोरासमोरच्या ट्यूब वजनाने तोला, पातळी बघून नाही. क्लोरोफॉर्म आणि पाणी एकाच पातळीला वेगळ्या वजनाचे असतात. वहीत फेरे लिहू नका, जी (गुरुत्वाकर्षणाच्या कितीपट बल) लिहा. रोटरची त्रिज्या ८.४ सेंटिमीटर असेल तर मिनिटाला १३,००० फेऱ्यांना सुमारे १५,९०० जी मिळतात, दुसऱ्या रोटरवर तेच फेरे वेगळं बल देतात. ऑटोक्लेव्हच्या टेपवर काळ्या रेघा उमटल्या म्हणजे उष्णता लागली एवढंच कळतं. १२१ अंशांना १५ ते २० मिनिटं हे छोट्या बाटल्यांचं माप आहे; लिटरच्या फ्लास्कचं मध्य तेवढ्यात तापत नाही, त्याला दुप्पट वेळ द्या, झाकण सैल ठेवा. आणि डीएनए-आरएनए किटच्या ग्वानिडिन असलेल्या द्रावणात ब्लीच कधीही ओतू नका, विषारी वायू निघतो. कचऱ्याच्या पिवळ्या, लाल, पांढऱ्या आणि निळ्या डब्यांची विभागणी २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार असते. तक्ता भिंतीवर नसेल तर तुम्ही लावा.

पुण्यातल्या कामाची काही खास पथ्यं आहेत. महापालिका पाइपलाइनच्या देखभालीची कामं बहुधा गुरुवारी काढते आणि त्या दिवशी पाणी बंद असतं. शुद्ध पाण्याचं यंत्र नळावर चालतं, म्हणून बुधवारी कॅन भरून ठेवा आणि पाणी लागणारं डिस्टिलेशन गुरुवारी लावू नका. पावसाळ्यात जूनपासून हवेतला ओलावा आणि बुरशीचे बीजाणू दोन्ही वाढतात. इनक्युबेटरच्या तबकातलं पाणी दर आठवड्याला निर्जंतुक पाण्याने बदला, एसीच्या जाळ्या धुऊन घ्या, पुठ्ठ्याचे खोके पेशींच्या खोलीत नेऊ नका. सोडियम हायड्रॉक्साइड आणि कॅल्शियम क्लोराइड ओलावा ओढतात, तेव्हा बाटली उघडी ठेवून निवांत वजन केलं तर तराजू पाणीही मोजतो. उणे २० मधून काढलेली पावडरची बाटली खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका. एप्रिल-मेमध्ये एन्झाइमचं पार्सल सुटीच्या आदल्या दिवशी मागवू नका, आणि आलं की बर्फ शिल्लक होता का हे पावतीवर लिहा. वीज गेली तर उणे ८० चं दार उघडून ‘ठीक आहे का’ बघायचा मोह आवरा. बंद आणि भरलेला फ्रीझर कितीतरी तास तग धरतो.

प्रयोगाच्या रचनेबद्दल एकच मुद्दा सांगतो, पण तो सगळ्यांत महाग पडणारा आहे. एकाच फ्लास्कमधल्या पेशी प्लेटच्या तीन खाचांत टाकून तीन आकडे आले, तर तुमच्या हाताची सफाई मोजली गेली. वेगवेगळ्या दिवशी, वेगळ्या पेरणीवर तीन वेळा केलं तर जीवशास्त्र मोजलं गेलं. पहिल्या प्रकाराला ‘तीन’ म्हणून आलेखात एरर बार (आकड्यांमधली तफावत दाखवणाऱ्या रेघा) काढले, तर शोधनिबंधाचा परीक्षक बरोबर तिथेच बोट ठेवतो. एखादा आकडा वगळायचा असेल तर वगळण्याचा नियम प्रयोगाआधी ठरलेला आणि वहीत लिहिलेला हवा. नको असलेला निकाल सरांना किंवा मॅडमना त्याच दिवशी, मूळ जेलसकट दाखवा. पाचव्यांदा केल्यावर आलेला एक चांगला बँड तेवढा दाखवला, तर पुढचा सगळा खर्च त्या एका बँडवर उभा राहतो.

परवानग्या हे गाइडचं काम असं समजून दुर्लक्ष करू नका. माणसाचा नमुना असेल तर नैतिकता समितीची, प्राणी असतील तर संस्थेच्या प्राणी समितीची, जनुकीय बदल केलेला जीव असेल तर जैवसुरक्षा समितीची मंजुरी हातात आल्याशिवाय पहिला नमुना घ्यायचा नसतो. मंजुरीचा क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर उतरवून ठेवा.

खरेदीचं वर्ष ३१ मार्चला संपतं. आयात होणाऱ्या अँटिबॉडीला आठवडे लागतात, म्हणून इंडेंट (खरेदीचा मागणीअर्ज) डिसेंबर-जानेवारीपर्यंत गेलं पाहिजे. मार्चमध्ये घाईने मागवलेलं बरंचसं न वापरता मुदतबाह्य होतं. फ्रीझरची यादी हाताशी असेल तर आधीच असलेली वस्तू पुन्हा मागवली जात नाही.

पैशांचं स्पष्ट बोला. जेआरएफचं (कनिष्ठ संशोधन छात्र) विद्यावेतन १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे, घरभाडं वेगळं; नेट किंवा गेट या पात्रता परीक्षांची अट नसलेल्या पदांना त्याहून कमी मिळतं. नेमणूक किती महिन्यांची आहे, वाढ कशावर ठरते आणि प्रकल्प कधी संपतो हे रुजू होण्याआधी विचारून घ्या. अनुदानाचा हप्ता उशिरा येतो तेव्हा वेतनही अडकतं, हे धरून दोन-तीन महिन्यांची तजवीज ठेवा. नेटचा अभ्यास करायचा असेल तर परीक्षेआधीची रजा दोन महिने आधी सांगा, म्हणजे पेशी गोठवून ठेवता येतात. शोधनिबंधात नाव येणार का, हेही काम सुरू होतानाच विचारावं. त्यात संकोच वाटण्यासारखं काही नाही, आणि नंतर विचारलं की कटुता येते.

सोडून जाताना शेवटचे पंधरा दिवस नवे प्रयोग लावू नका. डब्यांचे नकाशे तपासा, नाव नसलेल्या ट्यूब ओळखा किंवा गाइडना विचारून टाकून द्या, पेशींच्या प्रत्येक प्रकाराच्या दोन कुप्या गोठवा आणि त्यांतली एक वितळवून जगते का बघा. वही संस्थेची असते; ती जमा करा आणि पोच घ्या. अनुभव प्रमाणपत्रात फक्त तारखा नकोत. पदाचं नाव, प्रकल्पाचं शीर्षक आणि स्वतः हाताळलेली तंत्रं नावानिशी लिहून घ्या, कारण पुढच्या मुलाखतीत प्रश्न त्यांवरच येतात.